बहात्तर ठोके

सुंदरबाई सिस्टर रोज ड्यूटीवर आल्या, की आधी स्वतःची नाडी मोजायच्या. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेरच्या लोखंडी स्टुलावर बसून, जुन्या घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट. बहात्तर भरले की उठायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "घड्याळ बरोबर हाय का नाही, ते मले माझी नाडी सांगते."

त्या सकाळी सिहोऱ्याची डिंपल भरती झाली. आठवा नुकताच लागलेला आणि कळा सुरू. बाळाची फुप्फुसं कच्ची. ती बळकट करणारी इंजेक्शनं दोन दिवस चालणार होती. तेवढे दोन दिवस कळा थोपवायच्या, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशय सैल करणारी गोळी सुरू केली. पहिल्याच गोळीनं डिंपलचं तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, नाडी एकशे बारावर गेली.

"गोळीनंच पेटवलं पोरीले," सासू रुखमा कडाडली. "घरी नेतो मी इले."

"न्या ना," सुंदरबाई म्हणाल्या. "रस्त्यात बाळंत झाली तर नाळ कापाले ब्लेड हाय ना थैलीत?"

रुखमानं उचललेली थैली परत खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या गोळीनंतर अर्ध्या तासानं सुंदरबाईंनी मनगट धरलं. ब्याऐंशी. त्यांनी घड्याळाकडे संशयानं पाहिलं, खाटेवर टेकून स्वतःची नाडी मोजली. बहात्तर.

"डिंपल, गोळी कुठी हाय?"

"खाल्ली ना, सिस्टर."

"पोटात असती तर तुझी नाडी अशी आरामात चालली असती का?"

डिंपलनं हळूच ओढणीची गाठ सोडली. गोळी आत होती. "पहिलीनं छाती इतकी धडधडली... मले वाटलं, आता मीच नाही वाचत."

"येडे, हे सांगाचं असते, लपवाचं नसते."

डॉक्टर आले. त्यांनी बीपी पाहिलं, ईसीजीची पट्टी काढली, गोळीचं प्रमाण कमी केलं. मग प्रत्येक गोळीनंतर सुंदरबाई ठोके मोठ्यानं मोजू लागल्या. शंभराच्या जवळ आले की रुखमाही सूर मिळवायची, आणि डिंपलला भीतीच्या जागी हसू यायचं.

दोन दिवस निघाले. तिसऱ्या सकाळी कळा परत आल्या. आता कुणी अडवल्या नाहीत. आत डॉक्टर आणि रीना सिस्टर होत्या. सुंदरबाई नुकत्याच येऊन स्टुलावर बसल्या होत्या, शेजारी चहाचा कप. पस्तीसपर्यंत मोजून झाले, तोच रुखमानं त्यांचं मनगट करकचून धरलं. आत एकदम शांतता. मग एक बारीक, चिडकं रडणं.

"आवाज आजीचाच हाय," आतून रीना ओरडली.

रुखमा हसत होती, रडत होती, मनगट काही सोडत नव्हती. सुंदरबाईंची मोजणी केव्हाच चुकली होती.

"हात सोडा, रुखमाबाई," त्या म्हणाल्या, "माझा चहा थंडा होऊन राहिला."