जागा राखणारे वाघमोडे सर

वाघमोडे सर आमच्या सातवीच्या वर्गात पहिल्यांदा आले ते लाल पटका घेऊन. डोक्यावर नाही, हातात. संगणक शिकवायला नवे सर येणार, असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही टायवाल्या माणसाची वाट बघत होतो. आले ते शेंद्र्याच्या मेंढपाळाच्या घरातले, करकर वाजणाऱ्या वहाणा घातलेले वाघमोडे सर. पटका टेबलावर ठेवून म्हणाले, "हा माझ्या बापाचा. मला बांधता येत नाय असं समजा. तुम्ही सांगा, मी बांधतो."

कुणीतरी म्हणालं, डोक्याला गुंडाळा. सरांनी डोळे, नाक, कान सगळंच गुंडाळून घेतलं. वर घ्या म्हटलं, तर पटका सोडून दोन्ही हातांनी छताकडे धरला. सैल करा म्हटलं, तर तो पायाशी येऊन पडला. वर्ग हसून हसून लोळायचा बाकी होता. तास संपला तरी आम्हा पन्नासेक शहाण्यांना एक पटका बांधून घेता आला नाही. घंटा झाल्यावर सरांनी तो चुटकीसरशी झोकात बांधला आणि म्हणाले, "यंत्र असंच असतं. त्याला तुमच्या मनातलं कळत नाय, सांगितलं तेवढंच कळतं. म्हणून आधी सांगायला शिका."

बजाजनगरातली आमची शाळा कामगारांच्या पोरांची होती. वाळूजला रोज नव्या कारखान्याची शेड उभी राहायची, आणि मराठवाड्यातल्या कुठकुठल्या गावांहून माणसं बिऱ्हाडं घेऊन यायची. एका कारखान्याने जुना झालेला संगणक शाळेला दिला होता. एकच. त्याला खोली मिळाली, खोलीला कुलूप मिळालं, पडदाही मिळाला. त्या लाडावलेल्या यंत्राला हात लावायची हिंमत मात्र सर येईपर्यंत कुणी केली नव्हती.

एका संगणकावर सगळा वर्ग शिकवायचा म्हणून सरांनी जोड्या लावल्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने कळा दाबायच्या. सांगणाऱ्याचे हात पाठीमागे, दाबणाऱ्याचं तोंड बंद. सांगणारा चुकला तरी दाबणाऱ्याने तेच दाबायचं. आणि जोडीदार आला नाही तर त्या दिवशी पाळी नाही. "हात बांधा, तोंड बांधा, मग डोकं सुटतं," असं सर म्हणायचे. यंत्राच्या पडद्यावर चूक आली की त्यांना कोण आनंद व्हायचा. "चुकलं व्हय? लई चांगलं. आता शोधायला काहीतरी सापडलं."

मी सांगणारी आणि कमल दाबणारी. तिचे वडील दामूअण्णा आणि माझे वडील एकाच कारखान्यात, एकाच प्रेसवर पाळी बदलून काम करायचे. तिची बोटं चपळ, माझी जीभ चपळ. आईच्या मते माझ्याकडे तेवढीच एक चपळ गोष्ट होती. आमच्या जोडीचा मला फार अभिमान होता. कमल सोडून मला दुसरी मैत्रीण नव्हती आणि संगणक सोडून दुसरं वेड नव्हतं.

त्या हिवाळ्यात नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळणार, नाही मिळणार, यावरून बंद, मोर्चे, एसटीच्या फुटलेल्या काचा. माझे वडील मोर्च्याला जायचे. आमच्या घरावर निळा झेंडा होता आणि तो लांबून दिसावा म्हणून त्यांनी मुद्दाम उंच काठी आणली होती. दामूअण्णांच्या गावाकडचे भाऊबंद एक दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला आले. ते परत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कमल संगणकाच्या तासाला येईनाशी झाली. वर्गात यायची, पण दूरच्या बाकावर बसायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

मग दामूअण्णा शाळेत येऊन सरांना भेटले. आम्ही व्हरांड्यातच होतो, सगळं ऐकू येत होतं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. खाली मान घालून ते म्हणाले, की पोरीची जोडी बदला, मला गावात तोंड दाखवायचंय. सरांनी ऐकून घेतलं. आमच्या शेंद्र्यातही हेच चाललंय, मलाही लोक विचारतात, असं म्हणाले. पण जोडी बदलायला त्यांनी नकार दिला.

जोडीदार नाही म्हणून माझी पाळी गेली. दुसऱ्या मुलींना मी जोडीला येता का, असं विचारून पाहिलं, तर प्रत्येकीच्या आईने काहीतरी सांगून ठेवलेलं. मुख्याध्यापक म्हणाले, वातावरण निवळेपर्यंत हिने थांबावं. निवळेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरी मी रडले, तर वडील एवढंच म्हणाले, "तासाला जायचं. पाळी नसली तरी जायचं."

गेले. माझ्या जोडीचं नाव आल्यावर मी जागची हलले नाही. सर उठले, कमलच्या खुर्चीत बसले, तोंडावर बोट ठेवलं आणि कळांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मला कळेना. ते पुन्हा उठले आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "ही जागा कमलची हाय. ती येईपर्यंत मी राखतो." परत जाऊन बसले, तोंड बंद. मी हात पाठीमागे घेतले आणि सरांना, प्रत्यक्ष सरांना, सांगायला लागले.

त्यानंतर प्रत्येक तासाला हेच. शिक्षकांच्या खोलीत टिंगल झाली, की मास्तर मुलीच्या हुकमावर नाचतो. त्यांच्या गावचा एकजण तर तोंडावर काहीबाही बोलून गेला. सरांनी ते आम्हाला कधी सांगितलं नाही, शिपाईमामांकडून कळलं.

पुढे पालकांना शाळा दाखवायचा दिवस आला. संगणकाच्या खोलीत ही गर्दी. दामूअण्णाही कमलला घेऊन दाराशी उभे होते. मुख्याध्यापकांनी सुचवलं, की आज तरी हा जोडीचा खेळ नको, तुम्हीच काहीतरी करून दाखवा. सर बरं म्हणाले आणि कमलच्या खुर्चीत जाऊन तोंड बंद करून बसले. म्हणजे बोलायचं मलाच होतं.

गर्दीतून कुणीतरी सतराचा पाढा मागितला. यंत्राने काय करायचं त्याची एकेक ओळ मी सांगत गेले, सर दाबत गेले, आणि पडद्यावर पाढा उमटायला लागला. सतरा, चौतीस, एक्कावन्न. लोक खूश. एकशे सत्तर आले, टाळ्या सुरू झाल्या, आणि पाढा थांबेचना. एकशे सत्त्याऐंशी, दोनशे चार, आकडे भराभरा वर पळायला लागले. पाढा दहाशी थांबतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून ते यंत्राला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. खोलीत हशा पिकला. माझे कान तापले. मी सरांकडे बघितलं, तर त्यांचं बोट यंत्र थांबवायच्या कळेवर तयार होतं, पण मी सांगेपर्यंत ते दाबणार नव्हते. शेवटी मी म्हणाले, सर, थांबवा. मग चूक शोधली, दहा झाले की थांब अशी ओळ सांगितली. या वेळी पाढा शहाण्यासारखा थांबला.

गर्दी पांगल्यावर दामूअण्णा पुढे आले. त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला चूक दिसली नव्हती?"

"दिसली होती की."

"मग गुपचूप दुरुस्त करायची. चारचौघांत पोरीचं हसं झालं."

"मी बदललं असतं तर ते तिचं राहिलं नसतं, अण्णा," सर म्हणाले. "आणि तिची चूक तिनंच काढली, ते तुम्ही बघितलं. माझं काय, मी राखणदार. या खुर्चीतलं खरं काम तुमच्या लेकीचं हाय."

दामूअण्णा कमलचा हात धरून निघून गेले. आपण जिंकलो की हरलो, ते मला कळलं नाही.

जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. आमच्या गल्लीत निळा गुलाल उधळला गेला, वडील लहान मुलासारखे रडले. काही भागांत दंगे झाले, शाळा बंद राहिली. पुढे सरांची बदली झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी ते शेंद्र्यातच वारले. मला उशिरा कळलं. मी आज पोरांना हेच शिकवते, आणि एखाद्याची चूक हातासरशी सुधारून टाकायचा मोह झाला की सरांचं ते थांबलेलं बोट आठवतं. त्या माणसाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

पण सरांची बदली व्हायच्या आधी, दंग्यांनंतर शाळा पुन्हा उघडली, तेव्हाच्या एका तासाला आमच्या जोडीचं नाव आलं. सर सवयीने कमलच्या खुर्चीत बसायला गेले, आणि दूरच्या बाकावरून कमल उठली. दामूअण्णांनी तिला उठायला सांगितलं होतं, की ती आपणहून उठली, हे मी तिला कधीच विचारलं नाही. सर न बोलता बाजूला झाले. ती बसली, कळांवर बोटं ठेवली, तोंड घट्ट मिटून घेतलं. मी हात पाठीमागे घेतले आणि पहिली ओळ सांगायला गेले, तर आवाजच फुटेना.

"तिला ऐकू नाय गेलं," सर मागून म्हणाले. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.