सूडनाटकातला अर्ज

कूलरमधल्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला की मला दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतला माझा अकरावीचा वर्ग आठवतो. सगळी सरकारी क्वार्टरमधली मुलं, आणि त्यांना मी एक जुनं इंग्रजी सूडनाटक शिकवणार होते. "यांना झेपणार नाही," असं सहकारी म्हणाले होते. मी ऐकलं नाही. पुस्तक मिटूनच विचारलं, "एका बापाच्या मुलाचा खून झालाय. त्यानं काय करावं?" "सिंपल आहे, बाई, राजाला अर्ज द्यायचा," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचे वडील मंत्रालयात लोकांच्या तक्रारी बघायचे. "द्यायला गेला, पण त्याला मध्येच अडवलं." "मग रिमाइंडर?" "खुनी राजाचाच पुतण्या आहे." कूलर तेवढा घरघरत होता. मग तिनंच हळू आवाजात विचारलं, "तो बाप नोकरी काय करायचा?" "न्यायाधीश होता. लोकांचे अर्ज त्याच्याच टेबलावर यायचे." "अच्छा... म्हणजे बाबांसारखा. मग त्यानं काय केलं?" "वाचा," मी म्हणाले, आणि सगळी पुस्तकं एकदम उघडली. आजही कुणी "मुलांना झेपणार नाही" म्हणालं, की मला तो पानांचा आवाज ऐकू येतो, आणि मी वाद घालत नाही.