पळसाच्या पानावरची पावती

“लिवून कोठं नेशील?”

मी खिशातून वही काढली की म्हातारा हे विचारायचा. उत्तरासाठी थांबायचा नाही. डोळे बारीक करून आधी वहीकडे, मग पेनाकडे, मग माझ्या बुटांकडे बघायचा. तुमच्याकडे कुणी असं बघितलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, पाच मिनिटांत आपल्याला आपलाच संशय यायला लागतो. मी तर एकदा उगाच पिशवी उघडून दाखवली होती. त्यात डबा आणि छत्री होती.

मी जव्हारच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. हास्यरसावर तास घेतो, म्हणजे फळ्यावर ‘हास्य’ लिहितो आणि पुढचा पाऊण तास वर्गात कुणी हसत नाही. पोशेऱ्याच्या अलीकडे एका पाड्यावर बोहाडा होतो, रात्रभर मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचतात आणि उजाडताना एक विनोदी सोंग येऊन सगळ्यांची टर उडवतं, असं मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं. ते सोंग या म्हाताऱ्याच्या घराण्याचं होतं. त्याला मुलगा नव्हता, मुलगी लांब दिलेली. सोंगातलं बोलणं फक्त त्याला येत होतं. ते सगळं कागदावर उतरवून घ्यायचं मी ठरवलं. पाड्याला कळवळ्याचं कारण सांगितलं, पण खरं सांगायचं तर मला हाव सुटली होती.

जव्हारहून मोखाड्याला एसटी, पुढं जीप, मग उतरून डोंगराच्या कडेनं चालायचं. असं मी दोन वर्षं केलं. म्हातारा नाचणीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवायचा, बसायला गोणपाट द्यायचा आणि सोंगातलं एक अक्षर सांगायचा नाही. सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. मला, तलाठ्याला आणि देवालासुद्धा.

त्या सोंगाच्या मुखवट्याचं तोंड वाकडं होतं. डावा ओठ पार गालापर्यंत चढलेला. का, म्हणून विचारलं.

“राजाला हसला. राजानं मुस्काटात मारली,” म्हातारा म्हणाला.

मी ते टिपून घेतलं. सत्तेची थट्टा आणि लोककलेतलं वाकडेपणाचं सौंदर्य असा निबंध लिहिला आणि नाशिकला एका चर्चासत्रात वाचला. टाळ्याही पडल्या. पुढच्या खेपेला म्हातारा म्हणाला, सोंगानं उपासाच्या दिवशी चोरून मासा खाल्ला, काटा अडकला, म्हणून तोंड वाकडं. त्याच्या पुढच्या खेपेला मधमाशी चावली होती.

“बाबा, यातलं खरं कुठलं?”

“तू कोणतं लिवलंस?”

“राजाचं.”

“मंग तेच खरं. आता कशाला खोडतोस?”

तेव्हापासून मीही त्याच्यावर डोळा ठेवायला लागलो. हा दुसऱ्या कुणाला तर खरं सांगत नसेल? जीपवाल्याला आडून आडून विचारायचो, मुंबईचा कुणी कॅमेरेवाला येतो का म्हणून. अशा रीतीनं आम्ही दोघं एका ओटीवर बसून एकमेकांवर पहारा ठेवायचो.

उलगडा केला तो त्याच्या म्हातारीनं. म्हातारा पाणी प्यायला आत गेला होता तेवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, “खोटं सांगतो. सासऱ्याचा मुखवटा सागाचा होता. तोंड सरळ. शहरातून एक जण आला, परदर्शनात मांडतो म्हणाला, आठ दिसांत आणून देतो म्हणाला. नाय आला. मंग ह्यानं कागदाचा लगदा करून आठवून आठवून नवा केला. तोंड नाय साधलं त्याला.”

माझं वाकडेपणाचं सौंदर्य असं होतं. निबंध छापूनही आला होता.

त्या दिवशी निघताना म्हाताऱ्यानं मला थांबवलं. कणगीमागून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चौघडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. “त्या माणसानं दिलेली पावती हाय. मला वाचाय येत नाय. वाच.”

मी वाचलं. ती पावती नव्हती. कुठल्याशा प्रदर्शनाचं छापील निमंत्रण होतं. चहापानाची वेळ होती, वर दीपप्रज्वलन करणाऱ्या पाहुण्यांची नावं होती. मुखवट्याचा उल्लेख नव्हता, सही नव्हती, पत्ता अर्धा फाटलेला. वर बघितलं तर म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. इतकी वर्षं त्यानं तो कागद उंदरांपासून जपला होता. मला खरं सांगवेना.

“पावतीच आहे, बाबा,” मी म्हणालो. “जपून ठेवा.”

त्यानं कागदाची घडी घातली. “बरं,” म्हणाला. मला वाटलं, मी फार चांगलं वागलो.

पुढं बोहाड्याला गेलो. रात्रभर देव येऊन गेले. संबळ वाजवणाऱ्यांचे हात सुजले होते. तांबडं फुटलं आणि वाकड्या तोंडाचं सोंग रिंगणात आलं. म्हाताऱ्याच्या पायांत त्या वेळी सत्तरीचं काही दिसत नव्हतं. त्यानं आधी तलाठी केला, मग भगत केला, मग जीपवाला केला. मग एकाएकी तो खांदे पाडून, पोट पुढं काढून चालायला लागला, बुटातला खडा काढल्यासारखा पाय झटकायला लागला आणि बायका पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघायला लागल्या. तो मी होतो. तुम्हाला सांगतो, आरशानंसुद्धा मला कधी इतकं नीट दाखवलेलं नाही. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होतो.

मग सोंगानं कमरेचं पळसाचं पान काढलं, नाकाशी धरलं, खूप वेळ वाचलं आणि गोड आवाजात म्हणालं, “पावतीच हाय, बाबा! जपून ठेव!”

सगळा पाडा लोळला. माझं हसणं तिथंच थांबलं.

शेजारच्या माणसानं मग मला सगळं सांगितलं. तो कागद काय आहे हे म्हाताऱ्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शाळेच्या बाईंनी वाचून दाखवलं होतं. वही घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद वाचायला द्यायचा. जो खरं वाचेल त्याला सोंग सांगायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आजवर सगळ्यांनी पावतीच वाचली होती.

मी लाजेनं पुढं पाच महिने गेलो नाही. भाताला लोंब्या येताना जीपवाल्यानं जव्हारच्या स्टँडवर गाठून सांगितलं, म्हातारा गेला. साधा ताप होता. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात सोंग गेल्याचंही वाईट होतं.

त्या पाड्याची एक रीत आहे. सोंगाचा धनी गेला की पुढच्या बोहाड्याला त्याचा मुखवटा कुणी तोंडाला लावत नाही, रिंगणाच्या कडेला पाटावर मांडून ठेवतात. पण फेरा चुकवायचा नाही. संबळ त्याच्या ठेक्यानं वाजतं, रिंगण मोकळं ठेवतात आणि लोक बघत उभे राहतात.

त्या बोहाड्याला मी गेलो. उजाडलं, ठेका सुरू झाला. रिंगणात नुसती धूळ होती. तलाठ्याच्या जागी ठेका बदलला तसे लोक हसले. भगताच्या जागी हसले. कुणी नसताना, बरोबर त्या त्या ठिकाणी. मग माझ्या चालण्याचा ठेका वाजला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या खेपेला कुणी हसलं नाही. म्हातारी गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. तिच्या हातात पळसाचं पान होतं.

“वाच, मास्तर.”

संबळ थांबलं. मी रिंगणात गेलो. पान नाकाशी धरलं. “ही पावती नाही,” मी म्हणालो. आवाज पोचला नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो, “बाबा, ही पावती नाही. त्यानं फसवलं. मुखवटा परत यायचा नाही. आणि मीही तुम्हाला खोटं सांगितलं.”

म्हातारीनं डोळे पुसले. पान माझ्या हातातून काढून घेतलं आणि मुखवट्यापुढं ठेवलं.

“ये उद्या घरी,” ती म्हणाली. “इतकी वर्सं चुलीपुढं रोज बडबडायचा. मला पाठ हाय सगळं. लिव.”

मी खिसा चाचपला. वही त्या दिवशी मी आणलीच नव्हती.