अकरा नंबरचा बिल्ला

मी आयुष्यभर क्वालिटीत नोकरी केली. भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं हातात मायक्रोमीटर. त्यामुळे जे मोजता येत नाही ते नाहीच, असं माझं सरळ मत. कोणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी पहिला प्रश्न विचारायचो — साक्षीदार कोण? आज तुमच्यासमोर मीच साक्षीदार म्हणून उभा आहे... हसायचं तर खुशाल हसा.

आधी जागा सांगतो. पवना धरणाच्या बॅकवॉटरला आमचा क्लब आहे. पाटीवर 'यॉट क्लब' असं लिहिलंय, पण नाव सोनुबाई नि हाती कथलाचा वाळा! एक पत्र्याची शेड, चार सेकंडहँड शिडाच्या होड्या, एक मोटरबोट, आणि पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कंपन्यांतून रिटायर झालेले आम्ही अकरा जण.

शेडच्या दाराशी एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा — वरची 'काठावर', खालची 'पाण्यात'. प्रत्येकाचा नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला. होडी काढताना आपला बिल्ला खालच्या खिळ्यावर लावायचा, परत आलो की वर. ही सगळी कल्पना नलावडेची. माझ्याच कंपनीत तो सेफ्टीला होता. त्याचे नियम दोनच. ज्याचा बिल्ला त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि खालच्या रांगेत एक जरी बिल्ला असला तरी शेडला कुलूप लावायचं नाही.

मी त्याला जाम पिडायचो. "नलावडे, रिटायर झालास की रे, आता तरी पंचिंग बंद कर!" तो नुसता हसायचा. मी बिल्ला न लावता निघालो तर होडीच्या दोरीवर पाय ठेवून म्हणायचा, "मोरे, जा, लावून ये. मी थांबतो."

गेल्या श्रावणात नलावडे गेला. झोपेतच. अस्थी आळंदीला गेल्या, आणि वहिनींनी त्याचा बिल्ला आमच्याकडे आणून दिला. अकरा नंबर. त्या अकरातला दुसरा एकचा आकडा जरा तिरका होता. त्यानंच ठोकलेला, आणि ते त्याला कायम खुपायचं. तो बिल्ला मी होडीतून नेला आणि मधोमध, सगळ्यात खोल पाण्यात सोडला. माझ्या या हातांनी.

यंदा सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या, म्हणून नातीला, ओवीला, घेऊन गेलो. ती आठ वर्षांची. मुलगा-सून पुनावळ्याला राहतात, आम्ही निगडीला. ओवीला दमा आहे. निघताना सूनबाईंनी दोनदा बजावलं, "बाबा, पंप तिच्या खिशातच राहू दे हं."

सातला पोचलो. झेंडावंदन आठला. आमच्यातला जगताप कढईत पोहे परतत होता, स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागलेली. ओवीला कुठला धीर! "आबा, एकच चक्कर. झेंड्याच्या आत येऊ."

मी विरघळलो. तिचं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं, लाइफ जॅकेट चढवलं. माझा फोनही त्याच खुर्चीवर. आणि बिल्ला? एका चकरेला कसला बिल्ला... फळीकडे पाहिलं आणि तसाच पुढे झालो. आम्ही निघाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पाणी अगदी शांत होतं. मग कुठून तरी धुकं उतरलं. आधी डोंगर गेले, मग काठ, मग होडीचं टोकही दिसेना. वारा पडला, शीड लोंबलं. वर-खाली सगळं एकच पांढरं, आणि त्या पांढऱ्यात स्पीकरवरचं गाणं चारी बाजूंनी येतंय... काठ नक्की कुठे, काही कळेना. खरं सांगतो, घटकाभर मला ते फार सुंदर वाटलं. खाली पाणी आहे हेही विसरायला झालं.

मग ओवीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला.

मी तिचा खिसा चाचपला. खिसा कुठला, लाइफ जॅकेट होतं ते. पंप खुर्चीवरच्या जाकिटात! ओरडलो, जॅकेटची शिट्टी जीव खाऊन वाजवली, पण त्या गाण्यापुढे माझं कोण ऐकणार? आणि आम्ही पाण्यात आहोत हे माहीत तरी कोणाला होतं? मी घाबरलो हो, लहान पोरासारखा घाबरलो.

सरकत तिच्या शेजारी गेलो, तिला पोटाशी धरलं. दोघं एका बाजूला बसले की ही होडी कलतेच. ओवीला मी पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा तो. होडी कललीही. आणि मग सावकाश... सरळ झाली. समोरच्या बाजूला कोणीतरी अलगद टेकावं, तशी.

ओवीचे डोळे अर्धे मिटलेले. "आबा, तिकडे कोण बसलंय?"

"कोणी नाही गं बाळा."

"मग होडी सरळ कशी?"

मी समोर पाहत राहिलो. पांढरं, नुसतं पांढरं. पण भीती कुठे गेली कोण जाणे. ओवीही शांत झाली, हळूहळू श्वास घेऊ लागली.

तेवढ्यात गाणं अचानक थांबलं. मी शिट्टी फुंकली. लांबून मोटरचा आवाज आला, आणि धुक्यातून जगताप निघाला. हातात ओवीचं जाकीट! तिला पंप दिला आणि मग त्यानं माझा उद्धार केला. "अक्कल गहाण ठिवली व्हय रं मोरे? पोरीचा पंप खुर्चीवर टाकून जातोस?"

"तुला कसं कळलं आम्ही पाण्यात आहोत ते?"

"कसं म्हंजी? झेंड्याआधी मानसं मोजली. तू न्हाईस, पोर न्हाई. फळीकडं बघितलं तर खाली बिल्ला लटकतोय. तुजाच आसनार. म्हनून गानं बंद केलं, तर शिट्टी ऐकू आली."

काठाला लागलो, ओवीला शेकोटीजवळ बसवलं आणि फळीपाशी गेलो. माझा चार नंबर वरच्या रांगेत होता, 'काठावर', जिथे मी सोडला होता तिथेच.

खालच्या रांगेत एकच बिल्ला होता. ओला. अकरा नंबर, दुसरा एक तिरका.

जगताप माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी पाण्यात बिल्ला सोडला तेव्हा तो माझ्याच होडीत होता. त्यानं वाकून तो तिरका एक नीट पाहिला. मग म्हणाला, "त्यानं दुसरा बनवून ठिवला आसंल का रं?" नंतर मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, एकच होता.

मुलाला आणि सूनबाईंना मी माझी चूक सांगितली, लपवली नाही. बाकीचं सांगितलं नाही. ओवीला आता स्वतःचा बिल्ला आहे, बारा नंबर, आणि तो लावल्याशिवाय ती मला होडीत पाय ठेवू देत नाही.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. पण ज्याचा बिल्ला त्यानंच उचलायचा, हा नियम आहे. म्हणून अकरा नंबर अजून खालच्या रांगेत तसाच आहे, आणि आम्ही शेडला कुलूप लावत नाही.