आमसुलाचं ट्रायफल

आमच्या घराण्याच्या ट्रायफलचं कौतुक मी जन्मभर ऐकलं आणि मला ते कधीही आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते. तळाला शिळा केक, त्यावर थुलथुलीत जेली, त्यावर गाठी झालेलं कस्टर्ड आणि वर डब्यातल्या अननसाच्या फोडी. हे सगळं एका काचेच्या वाडग्यात. चमचा घातला की चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज यायचा. पण नाताळच्या जेवणानंतर तो वाडगा टेबलावर आला, की आमची मंडळी अशी गप्प व्हायची की जणू प्रार्थनाच सुरू झाली!

याचा उगम नगरचा. पप्पांची आई मिशनच्या बंगल्यावर मडमेकडे शिवणकाम करायची. तिथे तिने हा प्रकार पाहिला. मडम केकवर वाइन शिंपडायची. आजी दारूच्या थेंबालाही शिवणारी नव्हती, म्हणून तिने घरी येऊन आमसुलं भिजत घातली, साखर कालवली आणि ते लाल पाणी केकवर ओतलं. रंग आला ना, मग झालं! यात मला आजीची हुशारीच दिसते. पण आजीच्या मागे हे काम पप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे आलं, आणि आत्याने त्याचं सोवळं करून टाकलं. “विलायतेत अगदी असंच करतात,” असं ती छातीठोकपणे सांगायची. विलायतेत आमसूल! डोंबल! विलायत राहिली दूर, ही बाई दिल्लीहून चादरी घ्यायला पानिपतला निघाली तरी बसमध्ये ओकायची.

आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आई-पप्पा दोघंही सरकारी नोकरीत. आत्याही. तिने लग्न केलं नव्हतं आणि ती लोदी कॉलनीत एकटी राहायची. नाताळच्या आदल्या दिवशी तो काचेचा वाडगा मांडीवर घेऊन, शालीत गुंडाळून, ती स्कूटर-रिक्षाने आमच्याकडे यायची. आमसुलं आणायचं काम पप्पांचं. दिल्लीत तेव्हा आमसूल कुठलं मिळायला? मग कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये मुंबईहून कोण उतरलंय याची चौकशी करत पप्पा हिंडायचे. ऑफिसात फायलींवर सह्या ठोकणारा माणूस, बहिणीच्या आमसुलांसाठी शिपायांची मनधरणी करायचा.

आई साताऱ्याकडची, हिंदू आणि शाकाहारी घरातली. ऑफिसात पप्पांशी ओळख झाली, तिने बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं आणि माहेरचं दार तिच्यासाठी कायमचं बंद झालं. सासरचं उघडलं म्हणावं, तर तेही किलकिलंच. अंडी फोडायला ती लग्नानंतर शिकली. पहिल्यांदा वास सहन होईना म्हणून नाकाला पदर लावून फेटली म्हणे. ही गोष्ट आत्या दरवर्षी सगळ्यांना सांगायची आणि सगळे दरवर्षी हसायचे.

ट्रायफलची वाटणी अशी होती. केक भाजायचा आईने. अंडी फेटायची आईने. दूध ढवळून ढवळून हात मोडेपर्यंत कस्टर्ड करायचं आईने. मग आत्या पदर खोचून उठायची, “चलो, बाहेर व्हा सगळे,” म्हणायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आत जाऊन करायची काय, तर आमसुलाचं पाणी केकवर ओतायची, आईनेच थिजवलेली जेली त्यावर पसरायची आणि गरमागरम कस्टर्ड जेलीवर उपडं करायची. जेली वितळणार नाही तर काय! दरवर्षी वाडग्यात गुलाबी-पिवळा चिखल व्हायचा. फ्रिज नव्हता, म्हणून वाडगा रात्रभर थंडीत गॅलरीत ठेवायचा, वर परात आणि परातीवर वरवंटा, मांजर येऊ नये म्हणून. मांजराने तरी कशाला तोंड लावलं असतं!

पण आमच्या घरात एक रीत होती. नाताळला आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि पाळकबाई आमच्याकडे जेवायला असत. जिने ट्रायफल केलं तिने पहिली वाटी पाळकसाहेबांना द्यायची आणि जेवण झाल्यावर त्यांनी तिचं नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना करायची. हीही आजीच्या वेळची पद्धत. दरवर्षी डोळे मिटून, मान तिरकी करून आत्या स्वतःचं नाव ऐकायची. आई तेव्हा मोरीत भांडी विसळत असायची. मी आठवीत असताना एकदा आई मला म्हणाली, “एकदा तरी माझं नाव घेऊ देत गं. मग कळेल तरी, की मी या घरातली आहे.” मला इतकं वाईट वाटलं! आणि त्या आत्याचा असा संताप आला, की तो वाडगा फोडावासा वाटला.

त्याच वर्षी धुक्यात आत्या जिन्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. जीभ मात्र धडधाकट. नाताळच्या आदल्या दिवशी ती आलीच. स्टूल टाकून स्वयंपाकघरात बसली आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागली. “अगं, साखर आवर! अगं, ढवळ ना, झोपलीस काय?” आईने आमसुलाचं पाणी गाळून घेतलं. कस्टर्ड झालं तशी आत्या ओरडली, “ओत आता, ओत!”

“थांबा वन्सं,” आई म्हणाली. “गार होऊ दे आधी.”

“आमच्या आईने कधी गार केलं नव्हतं!”

आईने पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलं आणि पूर्ण निवेपर्यंत ओतलं नाही. पप्पा चहाचा कप घेऊन दाराशी उभे राहून सगळं बघत होते. “अच्छा, असंही करतात का,” एवढं म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

दुसऱ्या दिवशी वाडगा आत आणला तर काय! तळाला केक लालचुटूक, त्यावर जेली जशीच्या तशी, त्यावर कस्टर्डचा मऊ पिवळा थर. बाहेरून थर मोजता येत होते. त्या घरात पहिल्यांदाच ट्रायफल ट्रायफलसारखं दिसलं. आत्याने बघून तोंड वाकडं केलं. “आईचं असं नसायचं,” म्हणाली.

चर्चमधून आल्यावर जेवणं झाली. आईने त्या दिवशी लग्नातली जांभळी साडी नेसली होती. पहिली वाटी तिने भरली आणि पाळकसाहेबांच्या पुढे ठेवली. पाळकबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, “वा! इतक्या वर्षांत इतकं सुरेख कधी झालं नव्हतं. कुणी केलं?”

“मीच,” आत्या म्हणाली. प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवून, बेशरमपणे! “सगळं मीच सांगितलं. हिने आपला हात लावला नुसता.”

आई म्हणाली, “वन्सं, केलं मी.”

“अगं बाई, बाप्तिस्म्याने का हाताला चव येते? तुला अजून अंडं नीट फोडता येत नाही. नाकाला पदर लावणारी तू!”

आणि सगळे हसले. पाळकबाई संकोचून हसल्या, तेही मी समजू शकते. आईने पप्पांकडे बघितलं. आदल्या दिवशी दाराशी कोण उभं होतं? एक वाक्य बोलायचं होतं त्या माणसाने. एक! पप्पा हसत होते. हसता हसता म्हणाले, “जाऊ दे ना यार, गोड झालंय की नाही? मग बस्स.” आणि वाटी पुढे केली, अजून वाढ म्हणून.

आत्याची मला चीड यायची, पण ती निदान उघडी चोर. पप्पांची मात्र मला त्या क्षणी शिसारी आली. मिशा ठेवून, टाय लावून, बहिणीच्या पुढे मूग गिळून बसणारा बाप. आईने त्यांना वाढलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि आत्याचं नाव घेऊन प्रार्थना केली.

पुढच्या नाताळला आईने आदल्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजत घातली. पप्पांनी विचारलं, “हे काय?”

“पुरणपोळ्या,” आई म्हणाली. “ट्रायफल हवं असेल तर बहिणीकडे जा. पाळकसाहेबांनाही तिकडेच बोलवा.”

पप्पांना वाटलं चेष्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी बहिणीने बोलावलं तसे चर्चमधून ते खरोखरच लोदी कॉलनीला गेले. बहिणीला नाही म्हणायची त्यांची छाती कधी झाली होती? आम्ही दोघी घरी आलो. आईने तव्यावरून एकेक पोळी माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार. मग ती बसली आणि मी तिला वाढलं. जेवायच्या आधी मी प्रार्थना म्हटली आणि त्यात आईचं नाव घेतलं. मोठ्याने. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, “खा आता, गार होईल.”

पप्पा संध्याकाळी परत आले. कोट काढून बसले. पोट भरलेलं दिसत नव्हतं. घरभर अजून तुपाचा आणि वेलचीचा वास होता.

“एखादी पोळी उरलीय का गं?” त्यांनी आईला विचारलं.

“नाही. संपल्या,” आई म्हणाली.

पोळ्यांचा भरलेला डबा माझ्या पाठीमागेच होता. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याला आणखी टेकून बसले.