प्रवचनातली पेपरमिंट

निम्मे बटाटे सोलून पातेल्यात पडले होते. उरलेले तसेच ठेवून यान्निग्ये लेकीला घेऊन दातांच्या दवाखान्यात निघाली. आलेइडाला नव्या दाढा आल्या होत्या आणि त्यांच्या खाचा किडण्याआधी लेप लावून बुजवायच्या होत्या. यान्निग्ये निर्धास्त होती. गोडाच्या बाबतीत तिच्या घरची शिस्त साऱ्या गल्लीला पाठ होती, कारण तिनंच ती पाठ करून घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. "बाकीच्यांना लेप लावते. ही एक मात्र किडायला लागलीय, भरावी लागेल. गोळ्या फार खाते का?"

"आमच्याकडे गोड फक्त वाढदिवसाला," यान्निग्ये ताठ मानेनं म्हणाली.

"आणि चर्चमध्ये," आलेइडा म्हणाली. "प्रवचन सुरू झालं की आई पेपरमिंट देते. मी चावत नाही, दाढेत धरून ठेवते. आमेनपर्यंत पुरते."

"रविवारी प्रवचनं किती?"

"दोन," यान्निग्ये पुटपुटली. "आणि आमचे पाद्री जरा लांबण लावतात."

तिची आईही तिला अशीच पेपरमिंट द्यायची. ती गोड असते हे यान्निग्येच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी ती उपासनेतच मोडत होती.

"प्रवचनाला माझी हरकत नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "गोळी तेवढी बिनसाखरेची द्या. आणि तुमच्या दाढाही दाखवा बघू."

शिस्तीच्या बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मग मुकाट्यानं उघडलं.

बटाटे आता थांबणार होते. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिनसाखरेची पेपरमिंट आणायची होती.