गाऱ्हाण्यासाठी घेतलेली लेन्स

काउंटरवर काळ्या फडक्यावर दोन लेन्स ठेवल्या होत्या. भाड्याने एकच परवडणार होती. एक झूम, लांबट आणि जड. दुसरी आखूड, पन्नास मिलिमीटरची, पुढे भलीमोठी काच असलेली, एक पॉइंट दोनची. हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त आत येतो, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. आमच्या घरात उजेडाचीच मारामार. त्यामुळे माझी नजर त्या आखूड लेन्सवरून हलत नव्हती.

"झूम घे," मैत्रीण म्हणाली. ती माझ्याच वर्गातली, बोरिवलीची, आणि कॅमेरा तिच्या मामाचा होता. "अंधार पडला तर कॅमेऱ्यात आयएसओ वाढवू. पडद्यावर दाणे दिसतील, दिसू देत ना. ही पन्नासची पूर्ण उघडलीस की फोकस बोटभर जागेतच राहतो, डोळा शार्प आणि कान गेला, अशी गत होते. तुझे बाबा जरा पुढे झुकले की वाट लागली."

"बाबा हलत नाहीत गं."

"माणूस आहे ना तो? की पुतळा?"

दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "ताई, ठरवा लवकर. अंधेरीत शूटिंगं थांबलीयत तुमच्यासाठी." मैत्रीण हसली. मला नेहमीप्रमाणे हसू की गप्प बसू ते कळेना. मी पन्नासची उचलली.

चित्रित करायचं होतं ते बाबांचं गाऱ्हाणं. कोकणातल्या आमच्या गावचे लोक मुलुंड, घाटकोपर, मानखुर्द असे पसरलेले. कुणी नवी रिक्षा घेतली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की ते बाबांना बोलावतात. बाबा देवासमोर नारळ ठेवून, हात जोडून, त्या माणसाच्या वतीने देवाला सगळं मोठ्याने सांगतात. काय झालं, काय हवं, काय चुकलं असेल तर पोटात घाल. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबा आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात खोकी बांधायचे, तिथे त्यांचा आवाज कुणी ऐकला नसेल. पण गाऱ्हाण्याला ते उभे राहिले की खोलीतली माणसं आपोआप सरळ व्हायची.

मग त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी समजलो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की घशातला स्वरयंत्राचा भाग काढावा लागेल. जगतील, पण असं बोलता येणार नाही. ऑपरेशन सोमवारी होतं. त्याआधीच्या रविवारी सकाळी बाबा घरातच गाऱ्हाणं घालणार होते, स्वतःच्या ऑपरेशनसाठी. त्यांच्या तोंडचं ते शेवटचं असणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. मला ते बोलताना त्यांचा चेहरा हवा होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फिल्मही त्यातच होणार होती, पण खरं सांगायचं तर फिल्मचं मी घरी फक्त कारण सांगितलं.

"सिनेमा शिकूक कॉलेज लागता?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात नक्की काय शिकवतात हे मलाही त्यांना नीट सांगता आलेलं नाही. "बरा. घे तुका काय व्हया ता."

आमची खोली तळमजल्यावर. एकुलत्या एका खिडकीसमोर नव्या टॉवरच्या पार्किंगची भिंत उभी राहिल्यापासून दिवसाही आत संध्याकाळ असते. देव्हारा तर कोपऱ्यात. ट्यूब लावली तर कॅमेऱ्यात तिचे पट्टे सरकताना दिसायचे. मैत्रिणीने एक छोटा एलईडी दिवा आणला होता. तिने तो देव्हाऱ्याच्या बाजूला धरताच बाबांनी हात वर केला.

"तो बंद कर, बाय. देवाच्या तोंडार झोत नको. देवाक काय फोटो स्टुडिओत न्हेतंस?"

मैत्रिणीने दिवा बंद केला. राहिल्या दोन समया.

हे आदल्या दिवशी, शनिवारी. मग आम्ही लेन्स तपासली. बाबांना देव्हाऱ्यासमोर उभं केलं, मी बाजूने कॅमेरा लावला आणि लेन्स पूर्ण उघडली. मग छोट्या स्क्रीनवर बघितलं. मागचे पत्र्याचे डबे, दोरीवरचे कपडे, गॅस सिलेंडर, सगळं विरघळून गेलं होतं. फक्त बाबांचा चेहरा, समईच्या उजेडात, गालावरच्या खुंटांसकट. माझं घर इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं.

"काहीतरी बोला ना बाबा."

"काय बोलू? हलू नको म्हणतंस, मगे श्वास तरी घेव की नको?"

पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ते ताठ उभे होते. डोळे शार्प, भुवया शार्प. मी मैत्रिणीकडे विजयाने बघितलं. ती म्हणाली, "उद्या फोकसच्या रिंगवरून बोट काढू नकोस. बस."

रविवारी गावचे पाच-सहा जण आले. आई मोरीच्या दाराशी. मैत्रिणीकडे आवाजाचा रेकॉर्डर होता; मालवणी तिला कळत नव्हती, पण आवाजाची पातळी बघायला कळायची गरजही नव्हती. कॅमेरा माझ्याकडे. बाबांनी नारळ ठेवला, टोपी घातली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

इथे नक्की काय झालं ते सांगायला मला जड जातं, कारण ते इतकं साधं आहे. लहानपणापासून मी किती गाऱ्हाणी ऐकली असतील. प्रत्येक वेळी हात जोडून, मान खाली घालून, डोळे मिटून. तसंच करायचं असतं. म्हणजे गाऱ्हाणं घालताना बाबा कसे दिसतात हे मी कधी पाहिलेलंच नव्हतं. ते हलतात. प्रत्येक वाक्याला कमरेतून पुढे येतात, देवाच्या कानाशी लागल्यासारखे, आणि आमच्या "व्हय म्हाराजा"ला मागे जातात. मैत्रिणीला मी ठामपणे सांगितलं होतं, बाबा हलत नाहीत.

आणि त्याहून वाईट म्हणजे पहिल्या "व्हय म्हाराजा"ला माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. उघडून बघते तर चेहरा गेलेला, मागे दोरीवरचा टॉवेल शार्प. मी रिंग फिरवली, चेहरा सापडेपर्यंत बाबा मागे गेले. पुन्हा वाक्य, पुन्हा माझी मान खाली. बोटं रिंगवर होती, मी मात्र तिथे नव्हते.

बाबांनी सगळ्यांसाठी मागितलं. घाटकोपरच्या काकांच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या मुलाच्या नोकरीसाठी, माझ्या शिक्षणासाठी. मग स्वतःवर आले.

"बा देवा म्हाराजा, उद्या जा काय होतला..."

आणि थांबले. दुसऱ्याच्या वतीने बोलायची सवय. स्वतःसाठी काय मागायचं ते त्यांना सुचलं नाही, की आवाज संपला, माहीत नाही. समईची वात तडतडली. वाक्य पुरं होईना. शेवटी मोरीच्या दारातून आई म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि मग आम्ही सगळेच म्हणालो. बाबांनी नारळ फोडला.

लोक गेल्यावर मी स्क्रीनवर बघितलं. मैत्रीणही वाकून बघत होती. पहिल्या वाक्यापासून नारळ फुटेपर्यंत चेहरा कुठेच स्पष्ट नव्हता.

"बाबा," मी म्हणाले, "परत एकदा घालाल? थोडंसंच?"

बाबा खोबऱ्याचे तुकडे करत होते. "एकदा सांगितलंय मां त्येका. परत सांगूक देव काय बहिरो आसा?" मग माझ्या तोंडाकडे बघून हळू म्हणाले, "तसा करूचा नसता गो."

मैत्रीण लेन्स पुसून डब्यात ठेवू लागली. "झूम असती तरी काही नक्की नव्हतं यार," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती, माझ्यासाठी.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. बाबा जगले. गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच घेतात, त्यावर पातळ फडकं बांधतात. गावचे लोक सुरुवातीला भेटायला यायचे, आता रिक्षा घेतली तर पेढे पाठवतात, बोलावत नाहीत. कॉलेजात सरांना माझी फिल्म आवडली. ते म्हणाले, चेहरा धूसर ठेवण्याचा निर्णय धाडसी आहे. मी मान हलवली. वर्गात टाळ्या वाजल्या, मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती.

बाबांना मी फिल्म दाखवणार नव्हते. त्यांनीच खुणेने मागितली, दोन बोटांचा चौकोन करून. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. खोलीत त्यांचा आवाज आला, घोगरा पण त्यांचाच, आणि त्यावर आमचं "व्हय म्हाराजा", रेकॉर्डरच्या सगळ्यात जवळचं म्हणून माझं सगळ्यात मोठं. आई कणीक मळायची थांबली.

बाबा मान पुढे काढून बघत राहिले. टोपी दिसत होती, जोडलेले हात मधूनच उजळत होते. चेहऱ्याच्या जागी समईच्या रंगाचा डाग. त्यांनी डोळे बारीक केले. मग खांद्यावरच्या पंच्याचं टोक घेतलं आणि स्क्रीन पुसली. बघितलं. तोंडाची वाफ देऊन काच पुसायची त्यांची सवय, ओठ पुढे केले, पण वाफ आता तिथून येत नाही. त्यांनी पंच्याचं टोक आईजवळच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि आपलं तोंड होतं तिथे पुन्हा घासू लागले.